अक्षता पडल्यावर व्याह्यांचं करायचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया 'धन्यवाद, पण मत पटलं नाही' एवढ्यावर सोडून देण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी वाद थोडक्यात असा. 'मीट द पेरेंट्स' या अमेरिकन विनोदी चित्रपटमालिकेबद्दल मी लिहिलं होतं की तिन्ही भागांत दुसरा, म्हणजे 'मीट द फॉकर्स', आपल्या सगळ्यात जवळचा आहे. अमळनेर-भुसावळच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. त्यावर तुमचे तीन आक्षेप. दुसरा भाग निव्वळ पैशासाठी काढलेला आणि पांचट आहे, गोष्ट पहिल्यातच संपली होती. खान्देशातल्या सोयरिकीशी मी केलेली तुलना खोटी आहे, कारण तिथे मुलीचा बाप मुलाला तपासतो आणि आपल्याकडे मुलीच्या बापालाच तपासलं जातं. आणि तिसरा भाग मी दोन ओळींत उडवला.

मधला आक्षेप सगळ्यात जड, म्हणून आधी तोच घेतो.

तुम्ही लिहिलंय, 'माझ्या वडिलांनी बैठकीत चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवला होता, आणि तुम्ही मला लाय डिटेक्टरवर हसायला सांगता?' ताई, हे वाक्य मी दोनदा वाचलं. बैठकीत मुलीचा बाप कसा बसतो ते मीही पाहिलंय. सतरंजीच्या कडेला, गुडघे जवळ घेऊन. देण्याघेण्याचा विषय निघाला की मध्यस्थाकडे बघत. 1961 चा हुंडाबंदीचा कायदा भिंतीपलीकडे उभा असतो, आत कोणी त्याला बोलावत नाही. हे सगळं मान्य करूनच मी म्हणतो की पहिल्या भागातला तो लाय डिटेक्टर, म्हणजे खोटं पकडणारं यंत्र, आपल्याकडे जास्त हसवतो. जॅक बर्न्स हा मुलीचा बाप. सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेतून निवृत्त झालेला, जगाला सांगताना फुलांचा धंदा सांगणारा. तो होणाऱ्या जावयाला यंत्राच्या तारा लावतो आणि प्रश्न विचारतो. आमच्याकडे हा सिनेमा घरच्यांनी मिळून पाहिला तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा हसले ते मुली उजवून मोकळे झालेले आमचे काका. ज्यांना आयुष्यभर एक प्रश्न विचारायची सोय नव्हती, त्यांच्या वतीने जॅक झालेला रॉबर्ट डी निरो विचारत होता. तिथल्या बापाला तो विनोद असेल, इथल्या बापाला ती हौस आहे. तुमचा आक्षेप आणि माझं म्हणणं इथे एकमेकांच्या विरुद्ध जात नाहीत, असं मला वाटतं.

पण हे पहिल्या भागाबद्दल झालं, आणि पहिल्या भागाचं आपल्याकडे फार काही चालत नाही. का ते सांगतो.

पहिल्या भागाचा सगळा प्रश्न 'हा मुलगा चालेल का?' एवढाच आहे. हा मुलगा म्हणजे ग्रेग फॉकर. नर्सचं काम करतो, सासऱ्याच्या आईच्या अस्थींचा कलश फोडतो, लाडकं मांजर हरवतो. दीड-पावणेदोन तास एकाच माणसाची परीक्षा. आपल्याकडे ही परीक्षा पोह्यांच्या बशीएवढ्या वेळात उरकते. मुलगा-मुलगी एकमेकांना पाहतात, 'काही विचारायचं असेल तर विचारा' म्हणून दोघांना गच्चीवर पाठवतात, पाच मिनिटांत खाली बोलावतात. झाला पहिला भाग. मग खरा सिनेमा सुरू होतो, आणि त्यात नवरा-नवरी मागच्या रांगेत जाऊन बसतात. बैठक, घर पाहणं, टिळा, बस्ता, कोणाच्या मामाला टॉवेल-टोपी मिळाली नाही, पंगत की बफे, वरात किती वाजता मांडवात येणार. हे सगळं याही-याहीन, म्हणजे व्याही-विहीण, यांचं क्षेत्र. म्हणून मी म्हटलं की दुसरा भाग आपला.

त्याची मांडणी बघा. पहिल्या भागाच्या शेवटी ग्रेग आणि जॅकची मुलगी पॅम यांचं जमतं आणि तिचे आईवडील ठरवतात की आता मुलाच्या आईवडिलांना भेटलं पाहिजे. म्हणजे गोष्ट संपली नव्हती, फक्त पोहे संपले होते. दुसऱ्या भागात मुलीकडचे गाडीत बसून थेट फ्लोरिडाला निघतात. आपण याला काय म्हणतो? घर पाहायला जाणं. आपल्याकडे एक-दोन गाड्या भरून माणसं जातात. कोणी विहीर बघतं, कोणी ठिबक आहे का विचारतं, कोणी केळीचे घड डोळ्यांनी मोजतं, आणि एक पोक्त काका 'जरा पान खाऊन येतो' म्हणून टपरीवर जाऊन सगळी चौकशी काढून आणतात. जॅकच्या गाडीत गुप्त खोली आहे, पडदे आहेत, पाळत ठेवायची यंत्रं आहेत. एवढा खर्च करून त्याला जे कळतं ते आपल्या काकांना एका पानात कळतं.

आता मुलाचं घर. बाप बर्नी वकिली सोडून घरी राहिलेला, मुलाला त्यानेच वाढवलं. आई रॉझ वयस्कर जोडप्यांना शरीरसंबंधांबद्दल सल्ला देते. घरात एक भिंत आहे, तिच्यावर मुलाच्या लहानपणच्या फिती लावल्या आहेत, नवव्या क्रमांकाच्या. जॅकला कळतच नाही की नवव्या नंबरालाही फीत असते. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला हा सर्वांत चांगला विनोद आहे, आणि तो कमरेखालचा नाही. एका घरात मुलाला तपासून वाढवतात, दुसऱ्या घरात कवटाळून. दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. जॅक आपल्या नातवाला, म्हणजे दुसऱ्या मुलीच्या बाळाला, रडत ठेवतो, त्याने स्वतःहून शांत व्हायला शिकलं पाहिजे म्हणून. बर्नी-रॉझला ते बघवत नाही. बाळ रडल्यावर उचलायचं की नाही यावरून आपल्याकडे अबोला धरलेल्या किती विहिणी दाखवू? 'आमनाकडे आसं नही ऱ्हास' हे एक वाक्य दोन्ही बाजूंनी म्हटलं गेलं की हा सिनेमा तयार.

यात एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने जाते, आणि ती मी लपवत नाही. ही भांडणं विनोदी राहतात कारण दोन्ही याही तोलामोलाचे आहेत. डी निरोसमोर बर्नी-रॉझ म्हणून डस्टिन हॉफमन आणि बार्बरा स्ट्रायसँड उभे केले ते उगाच नाही. स्ट्रायसँड तर 1996 नंतर पहिल्यांदाच पडद्यावर आली होती. जॅक रुसला तर लग्न मोडेल, बर्नी रुसला तरी मोडेल. आपल्याकडे रुसायचा हक्क एकाच बाजूला दिलेला असतो, आणि त्या रुसव्याचा आकडा दुसऱ्या बाजूला मोजून द्यावा लागतो. तिथे हसू येणार नाही, हे तुमचं बरोबर. पण एक जागा आपल्याकडेही आहे, जिथे दोन्ही बाजू सारख्या होतात: हळदीच्या आणि मांडवातल्या बायकांची गाणी. तिथे नवरीकडच्या बाया नवरदेवाच्या आईचं नाक, चाल, लुगडं, कंजूषपणा सगळं गाण्यात काढतात आणि वरमाईला हसून ऐकून घ्यावं लागतं, तिकडूनही उलट गाणं येतं. पुरुषांच्या बैठकीत ज्या बाजूला बोलायची सोय नाही, ती बाजू बायकांच्या गाण्यात अहिराणीत मोकळं बोलून घेते. आपला विनोद बैठकीत शोधू नका, मांडवात शोधा. रॉझ फॉकर मला तिथलीच बाई वाटते.

आता पैसा. सीक्वेल पैशासाठीच काढतात, यात वाद नाही. पहिला भाग (2000) साधारण साडेपाच कोटी डॉलरमध्ये झाला आणि जगभरात सुमारे 33 कोटी मिळवले. दुसऱ्याने (2004) पन्नास कोटींच्या वर मिळवले. तिसऱ्यावर (2010) सगळ्यात जास्त, सुमारे दहा कोटी, खर्च झाला आणि कमाई 31 कोटींवर आली. पहिल्याच्या नावावर दुसरा चालला, असं तुम्ही म्हणाल. मग दुसऱ्याच्या नावावर तिसरा का चालला नाही? माणसं व्याह्यांना भेटायला आली होती. भेटून झाल्यावर घरी गेली. 'फॉकर' हे आडनाव इंग्रजी शिवीसारखं ऐकू येतं, त्या विनोदाबद्दल एवढंच की तो पहिल्याच भागातला आहे, दुसऱ्याने तो फक्त पाटीवर लावला. आणि त्यातले काही प्रसंग खरोखर ओंगळ आहेत, विशेषतः बाळाला पाजायला जॅकआजोबांच्या छातीला बांधलेला तो रबरी प्रकार. घरच्यांबरोबर पाहताना मी तिथे पाणी प्यायला उठतो.

तिसरा भाग मी दोन ओळींत उडवला, कारण त्यात याही हे 'होणारे' राहिलेले नाहीत. या जातीच्या सिनेमाचा जीव सुपारी फुटल्यापासून अक्षता पडेपर्यंत. मोडू शकतं, तोवर गंमत. 'लिटल फॉकर्स'मध्ये लग्नाला वर्षं झाली, जुळी मुलं झाली, मग जॅकला हृदयविकार देऊन घराण्याचा वारस शोधायला लावलं आणि जावयावर बाहेरच्या बाईचा संशय आणला. डस्टिन हॉफमन तर मूळ चित्रीकरणात नव्हताच, त्याचे प्रसंग मागाहून जोडले. व्याह्यालाच वगळून निघाले होते हे लोक! तो भाग म्हणजे धोंड्याच्या महिन्यातलं जेवण: जावई तोच, ताट तेच, अनारसे तेच, आणि कोणी रुसलं तरी आता बिघडत काहीच नाही.

ही अडचण सगळ्यांनाच येते. 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' 2002 साली लग्न लावून मोकळा झाला. 2016 मध्ये दुसरा भाग काढताना त्यांना काय करावं लागलं? नायिकेच्या आईवडिलांच्या लग्नाच्या दाखल्यावर पाद्रीची सहीच नव्हती असं शोधून काढलं, आणि म्हाताऱ्यांचं पुन्हा लग्न लावलं. फ्रेंच 'ला काज ओ फॉल' (1978) हा व्याह्यांच्या भेटीचा अस्सल सिनेमा, पण दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात व्याह्यांची भेट बाजूला आणि हेरगिरी सुरू. आणि फॉकर मंडळींचा जो चौथा भाग जाहीर झालाय, त्यात ग्रेगच्या मुलाचं लग्न ठरतंय. म्हणजे पुन्हा होणारं लग्न, पुन्हा होणारे व्याही. ग्रेग आता सासऱ्याच्या खुर्चीत. हे बरोबर केलं त्यांनी.

तुम्ही विचारलंत की मराठीत याचं काय झालं. 'मुंबई-पुणे-मुंबई'चे तीन भाग बघा: 2010 मध्ये भेट, 2015 मध्ये लग्न, 2018 मध्ये बाळाची चाहूल. पायऱ्या तंतोतंत त्याच. पण दुसऱ्या भागात, जिथे दोन घरं समोरासमोर येतात, तिथे दोन्हीकडची माणसं इतकी गोड की अडचण आणायला नायिकेच्या मनातली घालमेल आणि तिचा जुना मित्र लागतो. व्याह्यांचं भांडण टाळलंय. ते केलं असतं तर देण्याघेण्याचा, मानपानाचा विषय काढावा लागला असता, आणि मग पाहुण्यांचं हसू टिकवणं अवघड होतं. तुमच्या वडिलांच्या चहाच्या कपापाशीच येऊन तो सिनेमा थांबला असता.

माझ्या डोक्यात मात्र एक खान्देशी दुसरा भाग आहे, पहिला न काढताच. मुलगी अमळनेरची, बाप शिक्षक, टाचणासारखा काटेकोर. मुलगा सुरतेतल्या उधन्याचा, त्याचा बाप तरुणपणी सुरतेला लूमवर गेलेला आणि तिथेच राहिलेला, घरात अहिराणी, दारात गुजराती, भाजीत साखर. मुलीकडचे सकाळच्या गाडीने निघतात. दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत उधन्याला उतरतात, सोबत घरचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांचा डबा, कारण 'त्यास्नं गोड जेवन आपलाले चालाव नही'. तिकडे याहीने उंधियो केलाय. देण्याघेण्याची बोलणी मुलीचा बाप पहिल्याच वाक्यात मोडून काढतो, म्हणजे दोघं बरोबरीत येतात. मग खुशाल भांडू द्या त्यांना, भाजीत साखर घालायची की नाही यावर. वरमाई म्हणून गाणं उलटवणारी बाई हवी. ती भूमिका, ताई, ज्या तिखटपणे तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत त्यावरून, तुम्हाला विचारून लिहावी असं वाटतंय.