लाल टोपण, केशरी टोपण

वॉर्डात इन्सुलिनचा डोस चुकला की पहिला प्रश्न ठरलेला: ड्युटीवर कोण होतं? मग सिस्टरला मेमो, लेखी खुलासा आणि पुढच्या मीटिंगला मेट्रनबाईंचं 'जरा लक्ष देऊन काम करत जा गं'. ट्रेमध्ये काय काय ठेवलं होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

या क्षेत्रात नसलेल्यांसाठी सांगते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. नेहमीच्या बऱ्याच बाटल्यांत मिलीला ४० युनिट, इन्सुलिन पेनमध्ये बसवायच्या नळीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, आणि काही बाटल्यांत १००. सिरिंजही दोन: ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी टोपणाची. रात्री तीन वाजता टोपण काढून टाकलं की ओळखायला उरतात फक्त बारीक आकडे. (लाल आणि केशरी! निळा रंग संपला होता का?)

आता हिशेब बघा. ऑर्डर २० युनिटची. बाटली १००ची आणि हाताला आली लाल सिरिंज. २०च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिली, म्हणजे पेशंटला गेले ५० युनिट. सिस्टरने केस पेपर वाचला, पेशंटला नाव विचारलं, रेघही अचूक पकडली, तरी डोस अडीचपट. उलट अदलाबदल झाली तर २०च्या जागी ८च जातात. ही चूक जास्त फसवी. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टर राऊंडला डोस वाढवतात, परत वाढवतात. मग एक दिवस स्टोअरमधून बरोबर सिरिंज येतात, वाढवलेला डोस पुरा जातो आणि शुगर कोसळून पेशंट घामाने डबडबतो.

त्यात युनिटसाठी नुसता 'यू' लिहायची सवय. घाईतला यू शून्यासारखा दिसतो, १०चे १०० होतात.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स आहे. नाईटला प्रत्यक्षात किती असतात, ते कुठल्याही सरकारी वॉर्डात जाऊन मोजा.

ब्रिटनने १९८३ मध्ये सगळं इन्सुलिन १००वर आणायला घेतलं. आपल्याकडे अजून दोन्ही चालू. तोवर निदान एका वॉर्डात एकाच ताकदीचं इनडेंट (स्टोअरकडे मागणी) करा, बाटली आणि तिची सिरिंज एकाच डब्यात ठेवा. कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून औषध ओढणं बंद करा. आणि दुसऱ्या सिस्टरने बाटली हातात घेऊन आकडा स्वतः वाचायचा. 'ताई, वीसच ना?' 'हो गं', याला मी चेकिंग म्हणत नाही.

होता होता टळलेल्या चुकांची नोंद तर मेमो बंद झाल्याशिवाय कुणी करणारच नाही. मग स्टोअरला कळणार कसं की लाल-केशरी एकत्र येतंय?

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनो, डिस्चार्ज कार्डवर ४० की १०० हे लिहून मागा. मेडिकलवाला 'दोन्ही सेमच आहेत काकू' म्हणाला, तर सिरिंज परत करा.