खोटं बोल, पण रेटून बोल

मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलतो, पण लगेच कान लाल होतात. अशा माणसाने एका अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमला दोन दिवस फसवत ठेवायचं, हे काही खायचं काम नव्हतं.

निमित्त स्कॅनरचं. स्कॅनर ठणठणीत, पण त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, विंडोज एक्सपीच्या काळातला, 32 बिटांचा. लॅपटॉपवरची सिस्टिम 64 बिटांची. तिचा कर्नल, म्हणजे गाभा, असल्या ड्रायव्हरला उंबरठा ओलांडू देत नाही. मुलीला हॉस्टेलवर तिच्या जुन्या प्रमाणपत्राची प्रत हवी होती. बायको म्हणाली, "नवा स्कॅनर घे." मी म्हणालो, "व्हर्च्युअल मशीन टाकतो." असा शब्द उच्चारला की घरात दोन दिवस कोणी दुसरं काम सांगत नाही.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे लॅपटॉपच्या आत उभा केलेला नकली कॉम्प्युटर, रीतसर फसवणूक. त्यात जुनी एक्सपी टाकायची आणि तिला सांगायचं, हा सगळा कॉम्प्युटर तुझाच. तिची हार्ड डिस्क म्हणजे बाहेर माझ्या फोल्डरमधली एक फाइल. 20 जीबी आहे असं ठोकून दिलं, प्रत्यक्षात फाइल जेमतेम दीड जीबीची. लागेल तशी ती वाढते आणि आतलं पुसलं तरी आपणहून उतरत नाही, माझ्या पोटासारखी. नेटवर्क कार्ड खोटं, सीडी ड्राइव्ह खोटा. मेमरी 512 एमबी दिली, तर बिचारी हरखली असणार. 2001 साली ती आली तेव्हा किमान 64 एमबीवर भागवायची तयारी होती तिची.

या लबाडीला शास्त्राधारही आहे. 1974 साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन संगणकशास्त्रज्ञांनी तिचे नियम लिहून ठेवले: आतल्या प्रोग्रॅमला, थोडा वेळ जास्त लागणं सोडलं तर, खऱ्या मशीनपेक्षा वेगळं काही जाणवता कामा नये. इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरला मात्र हे जमेना. 2000 साली मोजदाद झाली तेव्हा त्याच्या 17 सूचना, म्हणजे तो पाळतो ते हुकूम, अशा निघाल्या, की देखरेख करणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमला पत्ता लागू न देता परस्पर खरं काय ते बोलून मोकळ्या व्हायच्या. मला या सतराजणींबद्दल फार आपुलकी वाटते. पुढे 2005-06 च्या सुमारास प्रोसेसरमध्येच थाप पचवायची सोय आली.

माझ्या प्रोसेसरमध्येही ती होती, फक्त बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यांआधी जागं होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बंद करून ठेवलेली. बायोसमध्ये शिरायला एफ-टू दाबायचं की डिलीट, हे कळेपर्यंत लॅपटॉप सहा वेळा सुरू झाला.

मग एक्सपी उभी राहिली. मी कौतुकाने तिच्या खिडकीत क्लिक केलं आणि माझा माउस आतच अडकला. बाहेर काढायला उजवीकडची कंट्रोल दाबा, असं खाली लिहिलं होतं. माझ्या कीबोर्डवर उजवीकडे कंट्रोल नाहीच! ही कळ सेटिंगमध्ये बदलता येते, पण सेटिंग बाहेर आणि माउस आत. शेवटी एक्सपीला सन्मानाने शटडाउन केलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

कळ बदलून पुन्हा सुरुवात. स्कॅनर आत ढकलला. बाहेरची सिस्टिम 'गेला' म्हणून टुंग वाजली, आतली 'आला' म्हणून टुंग वाजली; अगदी पाठवणी झाल्यासारखं वाटलं. आणि स्कॅनर चालला! त्याचा दिवा सरकताना मी बायकोला हाक मारून दाखवला.

आता प्रत आत, मुलगी बाहेर. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती 8 एप्रिल 2014 पासून थांबलेली, म्हणून तिचं नेट मीच तोडलं होतं. सामायिक फोल्डरसाठी आत वेगळी टूल्स बसवावी लागतात. ती अर्ध्यावर रुसून बसली. पेनड्राइव्ह दिला, तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला. मूळ एक्सपीला ती लिपीच येत नाही. तिने नम्रपणे विचारलं, फॉरमॅट करू का? त्यात गेल्या दहा वर्षांचे फोटो होते. मी घाईघाईने पेनड्राइव्ह उपटला.

रात्री साडेअकराला, सगळे झोपलेत याची खात्री करून, मी स्क्रीनसमोर मोबाइल धरला आणि फोटो काढला. कडा कापल्या. पाठवला.

"बाबा, कोपऱ्यात स्टार्ट बटण का दिसतंय? स्कॅनरनेच काढलंस ना?"

"हो," मी लिहिलं. मेसेजमध्ये कान दिसत नाहीत.