मुंबई–न्यूयॉर्क साडेसहा तासांत? निव्वळ थाप!

‘विमान कंपन्यांची लूट’ असा एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. म्हणे, रात्री दीडला मुंबईहून सुटलेलं विमान सकाळी आठला न्यूयॉर्कला उतरतं, म्हणजे प्रवास साडेसहा तासांचाच. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे अमेरिकाच आपल्याकडे येते. आणि जास्त भाडं उकळायला विमानं सरळ वाट सोडून उत्तरेला वळसा घालतात. लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या माझ्या मावशीने हे वाचलं आणि डायबेटिसच्या गोळ्या सरळ मोठ्या बॅगेत टाकल्या. “सहा तासांचा तर प्रश्न आहे!”

अहो, ते सकाळचे आठ न्यूयॉर्कचे! तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. साडेसहात साडेनऊ मिळवा, झाले सोळा. मावशी उतरेल तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. सकाळच्या आणि दुपारच्या गोळ्यांची वेळ हवेतच येणार, आणि चेक-इन केलेली बॅग मध्ये हाती लागत नाही. गोळ्या, इन्सुलिन, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पर्समध्येच हवी, आणि डोसच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यायला हव्यात. मेसेज पुढे ढकलताना एवढी बेरीज कुणालाच करावीशी वाटली नाही, याचा खरोखर संताप येतो.

पृथ्वी फिरते हे खरं, पण हवाही तिच्याबरोबर फिरते. डेक्कन क्वीनमध्ये वर उडवलेला शेंगदाणा मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून अमेरिकेला जाताना वेळ जास्त लागतो आणि परतताना कमी. मेसेजमध्ये सांगितलंय त्याच्या नेमकं उलट. एअर इंडियाने ऑक्टोबर 2016मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून पूर्वेकडे नेलं. अंतर सुमारे 13,900 किलोमीटरवरून 15,300वर गेलं, तरी पाठीवर वारा असल्याने ते साडेचौदा तासांत पोहोचलं, पूर्वीपेक्षा लवकर.

राहिला वळसा. पोरांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो रशिया, स्कँडिनेव्हियाकडूनच जातो. अंतर साधारण 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात अरबस्तान, सहारावरून जाणारी ‘सरळ’ रेघ भरते 14,200च्या आसपास.

एक मात्र कबूल करायला हवं, विमानं कधीकधी खरंच लांबून जातात. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून फिरून जावं लागलं, काहींना इंधनासाठी मध्येच उतरावं लागलं. पण त्या जादा इंधनाचा भुर्दंड आधी कंपनीच्याच डोक्यावर बसतो. हौसेने लांबची वाट कोण धरेल?