आवाज जरा कमी करा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी ७:५२ ची लोकल आहे, तरी लिहायला बसलेय. आत्ता नाही लिहिलं तर उद्या मी शहाणी होईन आणि गप्प बसेन.

आमच्या सोसायटीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लबहाउसमध्ये सिनेमा लावतात. प्रोजेक्टर वर्गणीतला, चहा ज्याची पाळी त्याचा. काल माझी पाळी होती. मी 'सायलेन्स्ड' लावला. कोरियन, २०११ चा, शाळेतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांवरचा. मूळ नाव 'दोगानी', म्हणजे मूस, धातू वितळवायची. एकोणीस जण आले होते, संपला तेव्हा आठ उरले.

आज सकाळी ग्रुपवर मेसेज. "कालचा सिनेमा अत्यंत विकृत होता. रविवारी माणूस चार घटका करमणुकीसाठी येतो. यापुढे सिनेमा आधी कमिटीला दाखवून मगच लावावा." खाली तेवीस अंगठे. तेवीस! बघायलाच एकोणीस होते हो.

एक मान्य करते आधी. 'फक्त मोठ्यांसाठी' हे मी नोटिशीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, ठळक लिहायला हवं होतं. एक जोडपं सहावीतल्या मुलाला घेऊन आलं होतं, ते पाचव्या मिनिटाला उठले, बरोबरच केलं. आणि उठून गेलेल्यांपैकी एकीचं कारण वेगळं होतं. तिच्याशी माझं बोलणं झालंय, ही पोस्ट तिच्याबद्दल नाही. ज्यांनी हे स्वतः सोसलंय त्यांनी पडद्यावर परत का बघावं?

बाकीच्यांचं काय पण?

सिनेमा काय आहे ते सांगते, म्हणजे 'विकृत' कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत एक नवा चित्रकला शिक्षक रुजू होतो. बायको वारलेली, लहान मुलगी आजारी, ती आजीकडे. नोकरी मिळाली म्हणून शाळेला पैसे चारायचे आहेत. पहिल्या काही दिवसांतच त्याला स्टाफरूममध्ये दिसतं की एक शिक्षक एका पोराला मरेस्तोवर मारतोय. आणि बाकीचे सगळे आपापल्या टेबलाशी बसून. खाली मान, कामं चालू. कोणी दचकतसुद्धा नाही. या नव्या माणसालाच कळत नाही की आपण चुकीच्या खोलीत आलोय का.

ते स्टाफरूम बघताना मला चक्क आमचा मिरजेचा वाडा आठवला. घामच फुटला मला.

साल १९८६. मी आठवीत. वाड्यात सात बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात एक नळ. समोरच्या दोन खोल्यांत एक मुलगी राहायची, तिला इथे मनी म्हणते, नाव वेगळं आहे. चौथीत होती. वडील एसटीत, लांबच्या गाड्यांवर. आई दवाखान्यात आया, बहुतेक रात्रपाळी. आणि घरात आईचा कुठलातरी लांबचा भाऊ, त्याला सगळा वाडा मामा म्हणायचा. मामा गोड बोलायचा, म्हाताऱ्यांना पाणी भरून द्यायचा, भाडं एक तारखेला द्यायचा.

मनी रोज सहाच्या सुमारास पाटी-दप्तर घेऊन आमच्या स्वयंपाकघरात यायची आणि जात्याशेजारी बसायची. अभ्यास करतेय म्हणायची. अभ्यास कसला, एकच ओळ लिहायची, खोडायची, परत लिहायची, परत खोडायची. कागद फाटेपर्यंत. आई तिच्यापुढे मूठभर शेंगदाणे ठेवायची आणि मला ओरडायची, "कडी लाव गं दाराला, मांजर येतंय." नऊ वाजले की बाहेरून हाक यायची. "चला मनुताई, झोपायचं ना?" इतकी गोड हाक. आणि ती पोरगी उठायची, फ्रॉकची बांधलेली नाडी परत सोडून परत बांधायची. मग जायची.

ती नाडी काल मला पडद्यावर दिसत होती. सिनेमात तसलं काही नाहीये. मला दिसत होती.

आता ते वॉशिंग मशीन. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना कळेल. वसतिगृह सांभाळणारी बाई एका मुलीला शिक्षा म्हणून चालत्या मशीनपाशी धरून छळते, आणि तो शिक्षक नेमका तिथं पोचतो. तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "आवाज तरी कमी करा जरा."

सिनेमा कोरियन. तिथे बसलेल्या एकालाही कोरियन येत नाही, आम्ही खालची अक्षरं वाचत होतो. त्या पोरांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. मग कसला आवाज कमी करायचा होता तुम्हाला?

आणि मी केला कमी. हेही लिहून ठेवते. रिमोट माझ्या हातात होता, मी दोन खुणा खाली आणला आणि "सॉरी हं" म्हटलं.

वाड्यात उलटं होतं, तिथं आवाज मोठा करायचे. समोरच्या खोल्यांतून कधी काही ऐकू आलं की शेजारच्या नानी आकाशवाणी सांगली मोठ्यानं लावायच्या. बातम्या असोत, शेतीचा कार्यक्रम असो. मला कितीतरी वर्षं वाटायचं नानींना कमी ऐकू येतं. नानींना सगळं ऐकू यायचं! नळावर बायका बोलायच्या, "त्याची नजर चांगली नाही." आणि लगेच दुसरी, "आपल्याला काय करायचंय, त्यांच्या घरातलं ते." मग घागरी उचलायच्या. माझे वडील, देवमाणूस, मुंगीवर पाय पडू द्यायचे नाहीत, तेसुद्धा म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही." सात बिऱ्हाडांतली मोठी माणसं पंधरा तरी असतील. पंधरा माणसांना ठाऊक होतं.

लोकांना वाटतं अशा सिनेमात त्रास होतो तो त्या राक्षसाचा. मला त्याचा त्रास होत नाही, त्याला शिव्या घालून मोकळं होता येतं. मला त्या खाली मान घालून बसलेल्या शिक्षकांचा त्रास होतो. कारण त्यांची तोंडं ओळखीची आहेत. अगदी आपल्यासारखी, सज्जन, डबा आणणारी, हप्ते फेडणारी. 'मान्सून वेडिंग' आठवतोय? २००१ चा. त्यातही तेच. घरातल्या मुलीवर हात टाकणारा गृहस्थच कुटुंबाचा आधारस्तंभ, त्याचे उपकार इतके की कोणी तोंड उघडायचं कसं? आणि तिथं निदान लग्नघरातला बाप शेवटी त्याला जा म्हणतो. आमच्या वाड्यात मामा कोणाचा आधारस्तंभही नव्हता हो. नुसता पाणी भरून द्यायचा. दोन घागरी पाण्यावर आम्ही गप्प बसलो.

सकाळच्या मेसेजखाली एका काकांनी लिहिलं, "असलं काही आपल्याकडे होत नाही, कोरियात होत असेल." काका, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले होते तेव्हा तुम्ही काळा डीपी ठेवला होता, माझ्याकडे आहे अजून. शाळेतच अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या मुली होत्या त्या. आईबाप तक्रार द्यायला गेले तर तासन्तास बसवून ठेवलं. बदलापूर काय कोरियात आहे? आपल्या कल्याणच्या पुढे दोन-चार स्टेशनं!

बरं, आणि कोरियात होत असेल म्हणता, तर तिथं पुढं काय झालं तेही ऐका. ही कथा खरी आहे. ग्वांगजू शहरातली मूकबधिर मुलांची शाळा, २००० पासूनची काही वर्षं. २००५ मध्ये शाळेतल्याच एकानं तोंड उघडलं. तरी खटल्यात काही जण सुटले, मुख्य माणसाला अपिलात शिक्षा स्थगित होऊन घरी जाता आलं. तो निकाल खुणांच्या भाषेत समजावला गेला तेव्हा कोर्टात बसलेल्या बहिऱ्या माणसांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याबद्दल एका शिकाऊ वार्ताहरानं एक ओळ लिहिली होती. ती ओळ वाचून गोंग जी-यंग या लेखिकेनं हातातलं काम सोडून कादंबरी लिहायला घेतली. कादंबरी २००९ ची, सिनेमा सप्टेंबर २०११ चा. आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्यांच्या संसदेनं कायदा बदलला, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या आणि अपंग स्त्रियांच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराचा खटला भरायची मुदतच काढून टाकली. तिथले लोक त्याला दोगानी कायदाच म्हणतात. केस पुन्हा उघडली, शाळा बंद झाली. कारण त्यांच्या लाखो लोकांनी तो विकृत सिनेमा तिकीट काढून, बसून, शेवटपर्यंत बघितला. आवाज कमी न करता.

सिनेमानं जग बदलत नाही वगैरे मला माहीत आहे. असले सिनेमे पोरांच्या दुःखावर गल्ला भरतात असंही कोणी म्हणेल, काही भरतातही. हा नाही भरत. पुढे.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. २०१२ पासून पॉक्सो आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलंय, असा प्रकार ठाऊक असेल किंवा होईल अशी शंका असेल तर कळवायचंच. कोणीही. शेजारीसुद्धा. नाही कळवलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद. चांगल्या हेतूनं कळवलंत आणि शंका खोटी निघाली तर तुम्हाला काही होत नाही, तेही लिहिलंय. राजुऱ्याला, चंद्रपूर जिल्ह्यात, वसतिगृहातल्या आदिवासी मुलींचं प्रकरण झालं. तपासणाऱ्या डॉक्टरवर कळूनही न कळवल्याचा गुन्हा लागला, हायकोर्टानं तो रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो परत उभा केला आणि सांगितलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर आपल्या लिफ्टमध्ये लावा म्हणून मी दोन वर्षांपूर्वी अर्ज दिला होता. उत्तर आलं, "लिफ्टमध्ये असं काही लावलं की भाडेकरूंवर वाईट इम्प्रेशन पडतं." लिफ्टमध्ये सध्या वडापाव महोत्सवाचं पोस्टर आहे.

१९८६ मध्ये ना कलम १९ होतं ना १०९८. हे मी स्वतःला बरेचदा सांगते. वाड्यात फोन नव्हता. पोलीस चौकीत बाईमाणसानं जायचं म्हणजे गावभर बोभाटा. आणि सांगायचं तरी काय? 'नजर चांगली नाही' याची फिर्याद लिहून घेतात? खरं आहे सगळं. पण मनीच्या आईला तर सांगता आलं असतं! ती सकाळी सातला दमून यायची, चपला हातात घेऊन जिना चढायची, कोणाची झोपमोड नको म्हणून. तिला कोणीतरी हळूच चहाला बोलवायचं होतं. एका कप चहाचं काम होतं ते.

सिनेमात एक कुंडी आहे. त्या शिक्षकाची आई त्याला ऑर्किडची कुंडी देते, मुख्याध्यापकांना नेऊन दे, वाकून नमस्कार कर, तुझ्या पोरीच्या औषधाचं बघ. तो निमूट घेऊन जातो. आत त्याच पोराला मारहाण चाललेली. तो काही क्षण कुंडी हातात धरून उभा राहतो, आणि मग तीच कुंडी त्या मारणाऱ्या मास्तरच्या डोक्यात घालतो. काल तिथं आम्ही उरलेले आठ जण लहान पोरांसारखे ओरडलो. बहुधा तक्रार त्या आवाजाचीच असेल.

तर कमिटीला माझं उत्तर असं. दाखवते ना, आनंदानं. येत्या रविवारी संध्याकाळी सहा, माझ्या घरी. चहा, थालीपीठ. मधे उठायचं नाही आणि रिमोट माझ्याकडे.

हे इथंच संपवणार होते. पण मघाशी नऊला आईला फोन केला. आता ऐंशीची आहे, भावाकडे सांगलीत असते. रागातच केला, खरं सांगते. तिला विचारलं, मनी आठवते का? मागे मालिका चालू होती. म्हणाली, "शेंगदाणे सालं काढून खायची." मग मी विचारलं, आपण का नाही गं बोललो कोणी? बराच वेळ नुसती मालिकाच ऐकू येत होती. मला वाटलं फोन ठेवला.

मग म्हणाली, "मी कडी लावायचे ना."

म्हटलं, कडी तर मांजरासाठी.

"मांजर कुठं होतं गं आपल्या वाड्यात? त्यानं हाक मारली की ऐकूच आलं नाही असं करायचे. दोनदा, तीनदा. मग तुझे बाबा म्हणायचे, उघड, बरं दिसत नाही."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ते खोल्या सोडून गेले. एका हातगाडीत सगळं सामान मावलं. मनीचं खोडरबर आमच्या जात्याच्या खोबणीत राहिलं होतं, निम्मं झिजलेलं. आई म्हणते ते तिनं बरीच वर्षं ठेवलं होतं, वाडा पाडला तेव्हा गेलं.