सहा सेकंद, ७५ टक्के आणि ४९९ रुपये

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज चौथ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: तुमचा रेझ्युमे माणूस वाचतच नाही. एटीएस नावाचं मशीन ७५ टक्के रेझ्युमे परस्पर फेकून देतं. उरलेल्यांवर एचआर सहा सेकंद नजर टाकतो. म्हणून रेझ्युमे एका पानाचाच हवा. जाहिरातीतले शब्द शेवटी पांढऱ्या अक्षरांत चिकटवा. मधली रिकामी वर्षं तारखा ताणून बुजवा. कव्हर लेटरचा जमाना गेला, त्यात वेळ घालवू नका. जगातला पहिला रेझ्युमे लिओनार्दो दा विंचीने लिहिला, हे ज्ञानही मध्येच पेरलेलं. आणि सगळ्यात खाली, 'एटीएस-प्रूफ रेझ्युमे फक्त ४९९ रुपयांत', पुढे लिंक.

मी अंधेरी पूर्वेला एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीत चौदा वर्षं काढली. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला, आणि मग संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर रेझ्युमेच रेझ्युमे. खालच्या मजल्यावरचा मुलगा हा मेसेज दाखवून म्हणाला, "काकू, मशीनच फेकणार असेल तर अर्ज करायचा कशाला?" तेव्हा वाटलं, एकदा लिहूनच टाकू.

आधी ते ७५ टक्के. या आकड्याचा माग काढत गेलं की वाट प्रिपटेल नावाच्या एका अमेरिकी कंपनीपाशी जाते. एटीएसमधून रेझ्युमे कसा पार करायचा, हे विकणं हाच तिचा धंदा होता. २०१३ मध्ये कंपनी बंद पडली, आकड्यामागचा अभ्यास काही कोणाला दिसला नाही, पण आकडा मात्र अजून फिरतोय. औषध विकणाऱ्यानेच रोगाची आकडेवारी सांगावी, तसला प्रकार. आपल्या मेसेजच्या तळाशीही दुकान आहेच.

एटीएस म्हणजे अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम. नाव भारदस्त, काम कारकुनाचं: आलेले अर्ज एका जागी ठेवायचे, रेझ्युमेतून नाव, फोन, कंपनी, तारखा उचलून रकाने भरायचे, आणि कोणी शोधलं की समोर आणायचे. ते आपोआप बाद करत नाही असं नाही. अर्ज भरताना 'नोटीस पिरियड ३० दिवसांच्या आत आहे का', 'बी.कॉम. आहात का' असे प्रश्न येतात, तिथे 'नाही' दिलं की काही ठिकाणी गाडी तिथेच थांबते. पण ती अट मशीनने घातलेली नसते, कंपनीने घातलेली असते.

मग एवढे अर्ज जातात कुठे? खरं सांगते. एका जागेला चारशे अर्ज आले की मी चारशे उघडत नसे. शोधाच्या चौकटीत टाइप करायचे: टॅली, जीएसटी, टीडीएस, दोन ते चार वर्षं, ठाणे किंवा कल्याण. रेसडेक्सवर, म्हणजे नोकरीडॉटकॉमच्या उमेदवारांच्या साठ्यात, आणखी एक चाळणी, गेल्या पंधरा दिवसांत प्रोफाइल हाताळलेले उमेदवार. पंचवीस-तीस नावं हाती लागली की फोन सुरू. बाकीचे मी फेकले नव्हते, उघडलेच नव्हते. ऐकायला हे जास्तच वाईट वाटतं, पण यावर उपाय आहे. ज्याने 'अकाउंट्सची सर्व कामे' एवढंच लिहिलंय तो मला सापडणार कसा? 'टॅली' हा शब्द हवा. काम येत असेल तर शब्द लिहा, जाहिरातीत आहे तसाच लिहा. आणि प्रोफाइल दर आठवड्याला उघडून काहीतरी हलवा.

मशीन खरंच अडखळतं ते वेगळ्या कारणाने. दोन कॉलमचे रंगीत टेम्पलेट, कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे, फोन नंबर चित्रात, किंवा प्रिंट काढून मोबाइलने फोटो मारून केलेली पीडीएफ. माणसाला दिसतं, मशीनला दिसत नाही. तपासायला पैसे लागत नाहीत. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे तिथे उमटतं, साधारण तेवढंच मशीनच्या हाती पडतं.

सहा सेकंदांची गोष्ट निदान खऱ्या अभ्यासातून आली आहे. द लॅडर्स या अमेरिकी नोकरीच्या संकेतस्थळाने २०१२ मध्ये ३० रिक्रुटरांची नजर रेझ्युमेवर कुठे कुठे फिरते हे यंत्राने टिपलं. २०१८ मध्ये पुन्हा मोजलं तर ७.४ सेकंद निघाले. पण हा वेळ पहिल्या चाळणीचा, ठेवायचा की बाजूला सारायचा एवढं ठरवण्याचा. बाजारात भेंडी घेताना आपण टोक मोडून बघतो, सेकंदभर. त्यावरून लोक भेंडी सेकंदभरच खातात असं कोणी म्हणत नाही. बाजूला ठेवलेला रेझ्युमे मी नंतर नीट वाचायचे, फोनवर बोलतानाही समोर तोच असायचा.

पहिल्या नजरेत सापडतं ते नाव, सध्याचं काम, आधीचं काम, तारखा, शिक्षण. म्हणजे पानाचा वरचा भाग मोलाचा. आता खालच्या मजल्यावरच्या मुलाचा रेझ्युमे बघा. वर ठसठशीत 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', चार ओळी आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा व संस्थेचा विकास साधण्याबद्दल. मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, अविवाहित, छंद क्रिकेट. पाठवायचा नोकरीसाठी की स्थळासाठी, कळेना. कामाची ओळ पार खाली: 'बिलिंग व जीएसटीचे काम'. तीन वर्षं मस्जिद बंदरला कापडाच्या पेढीवर बसतो, आणि एवढीच ओळ.

"दिवसाला बिलं किती?"

"पंधरा-वीस. सणाला चाळीस."

"रिटर्न कोण भरतं?"

"सीए बघतात, पण जीएसटीआर-वन, विक्रीचं रिटर्न, अकरा तारखेच्या आत मीच टाकतो. सप्लायरांनी चढवलेल्या बिलांची पोर्टलवर यादी येते, टूबी, तिच्याशी खरेदी जुळवतो ना."

"जुळली नाही तर?"

"मग फोन. एका सप्लायरने सात महिने आमची बिलं चढवलीच नव्हती. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शेठचं एक लाख ऐंशी हजारांचं क्रेडिट अडकलेलं. मागे लागून चढवून घेतली."

मी हातातला चहा खाली ठेवला. अरे, हे लिहिलंस कुठे? "ते काय लिहायचं, ते तर कामच आहे." आपल्याकडच्या पोरांचं हे एक मला कधी उमगलं नाही. ऑब्जेक्टिव्हमध्ये डोंगर हलवतील, पण केलेलं काम सांगायला लाजतील. वरच्या चार ओळी काढल्या आणि तिथे घातलं: टॅली प्राइमवर दरमहा सुमारे ४५० बिलं, जीएसटीआर-१ दर महिन्याला मुदतीत, टूबीशी खरेदीचा ताळा, सात महिन्यांचं अडकलेलं १.८ लाखांचं क्रेडिट सोडवलं. रेझ्युमे इंग्रजीतच गेला, पण मजकूर हा.

एका पानाबद्दल फार वाद नको. फ्रेशरला एक पान भरतानाच नाकी नऊ येतात, दहा वर्षं झालेल्याने दोन घेतली तर कोणी फासावर देत नाही. सरकारी जागेला नमुना दिलेला असतो, तिथे तोच भरावा.

पांढऱ्या अक्षरांचं ऐका. रेझ्युमेतला मजकूर मशीन रकान्यांत ओततं तेव्हा रंग राहत नाही, सगळं काळं होऊन समोर येतं. एका गृहस्थांनी अख्खी जाहिरातच पांढऱ्या अक्षरांत डकवली होती. त्यामुळे स्टोअरकीपरच्या जागेसाठी आलेल्या त्यांच्या रेझ्युमेच्या शेवटी मला वाचायला मिळालं, 'महिला उमेदवारांना प्राधान्य'.

तारखा ताणण्याचा सल्ला मात्र हसण्यावारी नेता येत नाही, तो नोकरी घालवतो. २०१४ पासून पीएफला यूएएन आहे, कंपनी बदलली तरी नंबर तोच. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या बहुतेक ठिकाणी पीएफ कापला जातो, आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कुठे कापला गेला ते पासबुकात असतं. पार्श्वभूमी तपासताना अनेक कंपन्या तेच मागतात, जोडीला रिलीव्हिंग लेटर. माझ्या एका उमेदवाराने पाच महिने पुढे ओढले होते. मुलाखती पार, ऑफर हातात, जुन्या ठिकाणी राजीनामा दिलेला, आणि मग ऑफर मागे घेतली गेली. आईच्या आजारपणाचे पाच महिने होते. एका ओळीत लिहिले असते तर कोणी दुसरा प्रश्नही विचारला नसता.

आता कव्हर लेटर. पोर्टलवर अर्ज करताना बहुधा ते कोणी मागत नाही, इथवर मेसेज बरोबर आहे. पण छोटी ऑफिसं, शाळा, संस्था, ओळखीतून मिळालेला ईमेल पत्ता, इथे तुमच्या मेलचा मजकूर हेच कव्हर लेटर. आणि तो बहुतेक वेळा रिकामा असतो, किंवा 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, सोबत रेझ्युमे जोडला आहे'. हल्ली एआयकडून लिहून घेतलेली पत्रंही येतात, सगळी 'अत्यंत उत्साहाने' अर्ज करत असतात.

गंमत म्हणजे मेसेज ज्या लिओनार्दोची साक्ष काढतो, त्याने लिहिलं ते मुळात पत्र आहे. साधारण १४८२ चं, इटलीतल्या मिलानचा कारभार हाकणाऱ्या लुडोविको स्फोर्झाला उद्देशून. पाठवलं की नाही कोण जाणे, हाती आहे तो मसुदा, आणि अक्षरही त्याचं नाही. पण लिहिलंय काय ते बघा: उचलून नेता येणारे हलके पूल बांधीन, तोफा करीन, वेढा पडला तर खंदकातलं पाणी काढीन, असे एकामागून एक मुद्दे. चित्रकला पार शेवटी, जाता जाता. समोरच्याला लढाया लढायच्या होत्या, म्हणून आधी लढाईचं.

खालच्या मजल्यावरच्या मुलाने भिवंडीच्या एका गोदामाच्या ऑफिसला मेल पाठवला, तो एवढाच: 'तुमच्याकडे अकाउंट्स असिस्टंटची जागा आहे असं कळलं. मी तीन वर्षं कापडाच्या पेढीवर टॅली आणि जीएसटी रिटर्न सांभाळतो. सप्लायरकडे अडकलेलं १.८ लाखांचं क्रेडिट यंदा सोडवलं. डोंबिवलीत राहतो, माणकोली पुलावरून बाइकने येऊ शकतो. नोटीस पिरियड १५ दिवस.' पुलाची ओळ त्याला फालतू वाटत होती. गोदामवाल्याला माणूस रोज वेळेवर पोचेल का हीच काळजी असते, मी ती राहू दिली.

मेल गेला, आणि मग तो हळूच म्हणाला की ते ४९९ रुपये त्याने गेल्या महिन्यातच भरले होते. फाइल दाखव म्हटलं. दोन कॉलम, निळी पट्टी, कौशल्यांपुढे तारे. नोटपॅडमध्ये पेस्ट केली. नाव उमटलं, फोन नंबर नाही.