फोन घ्यायला जाताना कॅलेंडर न्या

फोन घ्यायचाय ना? मग कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, बॅटरी किती टिकते ही चौकशी आधी बंद करा. ज्यांना रोख पैसे मोजून मोकळा फोन घ्यायचाय त्यांचं ते काम. तुम्ही मोबाइल कंपनीने देऊ केलेला फोन घेणार, आणि तोही दोन-तीन कंपन्यांच्या ऑफरी पारखून. तुम्हाला एक कॅलेंडर लागेल, शंभर पानी वही लागेल, आणि पुढची तीन वर्षं आपण आजारी पडणार नाही, गावाला जाणार नाही, कशालाच विसरणार नाही असा दांडगा आत्मविश्वास लागेल.

सुरुवातीला ताज्या फोनांच्या वाटेला जाऊ नका. ज्या फोनांचे छत्तीस महिने भरून निकाल लागलाय, त्यांच्यावर हात साफ करा. त्यासाठी २०१७ चा हंगाम उत्तम.

२१ जुलै २०१७ ला रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी जिओफोन जाहीर केला. किंमत शून्य. त्या शून्यासाठी १५०० रुपये अनामत भरायची, ती तीन वर्षांनी परत. जाहिरातीत त्याचं नाव 'इंडिया का स्मार्टफोन'. पडदा २.४ इंचांचा, खाली बटणं, सिम एकच आणि तेही जिओचंच. नेमकं स्मार्ट कोण, हे नावात स्पष्ट केलेलं नव्हतं. सुरुवातीला त्यात व्हॉट्सॲपही नव्हतं, ते आलं सप्टेंबर २०१८ मध्ये. म्हणजे घेणाऱ्याला वर्षभर एकही शुभ सकाळ आली नाही. ही सोय कंपनीने जाहिरातीत का सांगितली नाही, देव जाणे.

अटी नंतर कळल्या. वर्षाला किमान १५०० रुपयांचं रिचार्ज व्हायला हवं. मुदतीआधी फोन परत करायचा तर पहिल्या वर्षी १५००, दुसऱ्या वर्षी १०००, तिसऱ्या वर्षी ५०० रुपये आपणच भरायचे, वर जीएसटी. तुम्हाला हे विचित्र वाटत असेल तर तुमच्या घरी जावई नाही. त्याला परत पाठवतानाही आहेर करावाच लागतो.

हे बघून बाकीचे गप्प बसणार थोडेच? ऑक्टोबरात एअरटेलने कार्बनचा ए४० इंडियन आणला. चार इंची पडदा, अँड्रॉइड, दोन सिमं. इफेक्टिव्ह किंमत १३९९. पाठोपाठ व्होडाफोनने मायक्रोमॅक्सचा भारत-२ अल्ट्रा आणला, इफेक्टिव्ह किंमत ९९९. आता पोरगंही सांगेल की ९९९ वाला स्वस्त. म्हणूनच तुलना पोरांवर सोपवू नये. इफेक्टिव्ह किंमत म्हणजे पुढे मिळणारे परतावे आधीच वजा करून सांगितलेली, जी काउंटरवर कुणीच देत नाही ती. काउंटरवर दोन्हीकडे सारखेच २८९९ मोजायचे होते.

वही उघडा. एअरटेलला २८९९, वर १६९ चं रिचार्ज छत्तीस वेळा म्हणजे ६०८४, एकूण ८९८३. त्यातून अठरा महिन्यांनी ५०० आणि छत्तीस महिन्यांनी १००० परत. राहिले ७४८३. व्होडाफोनला २८९९, वर महिना दीडशेप्रमाणे ५४००, एकूण ८२९९. त्यातून ९०० आणि मग १००० परत, राहिले ६३९९. रिचार्ज काय, एरवीही मारलंच असतं, असं तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर. फक्त एरवी कुठलं मारायचं, कधी मारायचं आणि कुणाचं मारायचं हे तुम्ही ठरवलं असतं. तेवढा डोक्याचा ताप वाचला, त्याचे पैसे कंपनीने वेगळे लावले नाहीत याबद्दल ऋणी राहा.

आणि परताव्याची वाट बघण्यातली गंमत? व्होडाफोनचा परतावा त्यांच्या एम-पेसा या मोबाइलमधल्या पैशांच्या पाकिटात जमा व्हायचा होता. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, २०१९ मध्ये एम-पेसा गुंडाळलं गेलं, सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीचा ब्रँड 'व्ही' झाला. छत्तीस महिने भरले ते त्यानंतर. गिऱ्हाइकाने एकनिष्ठ राहायचं होतं. कंपनीने राहावं अशी अट कुठे लिहिलेली नव्हती.

सगळ्यात सोपी तुलना म्हणाल तर २००८ ची. २२ ऑगस्टला आयफोन ३जी भारतात आला तो एअरटेल आणि व्होडाफोन दोघांकडे एकाच दिवशी. आठ जीबीचा ३१,००० ला आणि सोळा जीबीचा ३६,१०० ला, दोघांकडेही, रुपयाचा फरक नाही. अमेरिकेत तोच फोन एटी अँड टी या मोबाइल कंपनीच्या दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता, पण तिकडच्या लोकांना महाग वस्तू घेतल्याचं समाधान कुठून मिळणार? आपल्याकडे फक्त कुठलं दुकान घराजवळ आहे एवढंच बघायचं होतं.

आता कॅलेंडर. आपल्याकडे प्रीपेडचा महिना २८ दिवसांचा. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो, यांचा दरवर्षी येतो आणि तोही दान घेऊनच. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना सांगितलं की ३० दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवा. म्हणजे महिना तीस दिवसांचा असू शकतो, हे सरकारी आदेशाने ठरवावं लागलं. छत्तीस महिन्यांची योजना बघाल तेव्हा काउंटरवरच्या पोराला विचारा, "यातला महिना किती दिवसांचा?" आणि त्याचा चेहरा बघा. फोनच्या कॅमेऱ्याची चाचणी तेव्हाच घेऊन टाका.

हे सगळं मी आमच्या नानांच्या जिवावर सांगतोय. त्यांनी अशाच एका योजनेत फोन घेतला होता. कंपनी कुठली ते विचारू नका, नाना अजून तिचंच सिम वापरतात. दर महिन्याला सूनबाई रिचार्ज मारायच्या, नाना त्याची चिठ्ठी हरिपाठाच्या पुस्तकात घालून ठेवायचे. चौतीस चिठ्ठ्या झाल्या, पुस्तक मिटेना. पस्तिसाव्या महिन्यात नाना वारीला गेले. फलटणच्या पुढे फोनची बॅटरी संपली. इकडे सूनबाईंना वाटलं नानांनी तिकडे मारलं असेल, तिकडे नानांना वाटलं सुनेने मारलं असेल. दोन दिवसांचा खाडा पडला. पुढे पैसे मागायला गेले तर दुकानदार म्हणाला, "नाना, अट सलग रिचार्जची होती."

"मी पण सलगच चालत होतो," नाना म्हणाले.

दुकानदाराने नानांना पाणी दिलं, चहा मागवला, वारीत पाऊस कसा होता विचारलं. पैसे सोडून सगळं दिलं.

नव्या जमान्याचंही थोडं बघून घ्या. २०२१ मध्ये जिओफोन नेक्स्ट गणेश चतुर्थीला यायचा होता, तो लक्ष्मीपूजनाला आला. ज्या देवाचं काम त्या देवाकडे. किंमत ६४९९, किंवा आधी १९९९ आणि प्रोसेसिंगचे ५०१ भरून बाकी हप्त्यांनी. सगळ्यात हलका हप्ता ३०० चा, २४ महिने. म्हणजे ७२०० अधिक २५००, एकूण ९७००. त्यात महिना पाच जीबी आणि शंभर मिनिटं बोलणं आलं. शंभर मिनिटं! आमच्या आत्याची एका फोनमध्ये नुसती खुशाली विचारून होते तेवढ्यात.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एअरटेलने बारा हजारांपर्यंतच्या फोनवर ६००० परत द्यायचं जाहीर केलं. दोन हजार अठरा महिन्यांनी, चार हजार छत्तीस महिन्यांनी, रिचार्ज २४९ किंवा त्याहून वरचं. २६ नोव्हेंबरला २४९ चा प्लॅन २९९ झाला. महिना पन्नास, छत्तीस महिन्यांत अठराशेच्या आसपास. परतावा तुमच्याच खिशातून जमवून तुम्हालाच देणं ही भिशी झाली, आणि भिशीत निदान साबुदाणा वडा तरी असतो.

स्पर्धा मात्र तुंबळ आहे हं, त्याबद्दल शंका घेऊ नका. जून २०२४ च्या अखेरीला जिओने दरवाढ जाहीर केली, दुसऱ्या दिवशी एअरटेलने आणि त्याच दिवशी व्हीने. कुणी मागे राहायला तयार नाही.

परवा मी स्वतः नव्या फोनसाठी गेलो. तीन पत्रकं, तीन योजना, तिन्हींवर हसणारी तीच ती गोरी बाई. काउंटरवरच्या पोराला महिन्याचे दिवस विचारले. तो आत जाऊन मालकाला विचारून आला आणि म्हणाला, "काका, फोन तर बघा आधी." फोन खरंच छान होता. मी घेतला नाही म्हणून वाईट वाटलं असेल, पण निघताना त्याने दुकानाचं नाव छापलेलं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर हातात दिलं. रिक्षात बसून पानं उलटली. अठ्ठावीस दिवसांचा महिना एकच निघाला.