‘आदिवासी मुलांना सगळं फुकट, तरी शिकत नाहीत’ : या मेसेजचा मुद्देसूद प्रतिवाद

प्रवेशाचा हंगाम आला की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा आशय असा : आदिवासी मुलांना शाळा, राहणं, जेवण, कॉलेजची फी सगळं सरकार देतं, मार्क लागत नाहीत, पालकांना पडलेली नसते, तरी मुलं शिकत नाहीत, म्हणून हा पैसा वाया जातो. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

‘तरी शिकत नाहीत’

जनगणनेनुसार राज्यातल्या अनुसूचित जमातींची साक्षरता २००१ मध्ये ५५.२ टक्के होती, २०११ मध्ये ६५.७ टक्के झाली. त्याच काळात एकूण राज्य ७६.९ वरून ८२.३ वर गेलं. म्हणजे आदिवासींच्या साक्षरतेतली वाढ राज्याच्या जवळपास दुप्पट. दरी अजून मोठी आहे, पण ती कमी होते आहे.

‘कॉलेजचा सगळा खर्च सरकार करतं’

मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. फीव्यतिरिक्त निर्वाह भत्ता मिळतो. तो किती? २०१० च्या दरपत्रकात घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलाला महिन्याला २३० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलाला १,२०० रुपये.

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वयं योजना आहे, म्हणजे बाहेर राहण्या-जेवण्यासाठी रोख मदत. सुरुवातीच्या दरांनुसार मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. दहा महिने धरले तर खोलीसाठी महिन्याला दोन हजार. तेही हप्त्याने, प्रवेश आणि हजेरीची पडताळणी झाल्यावर. घरमालक मात्र डिपॉझिट पहिल्याच दिवशी मागतो. बरीच मुलं गळतात ती या मधल्या महिन्यांत, आणि हे गळणं मंजूर रकमेच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

शिवाय पैसे येण्याची वाट लांब आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला पडतो. तिथून पुढे पाठवला गेला तरच तो आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे जातो. मंजुरी मिळून निधी आल्यावर रक्कम आधार क्रमांकावरून बँकेत जमा होते. ही रक्कम विद्यार्थ्याच्या मनात असलेल्या पासबुकात जाईलच असं नाही. सर्वांत शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं गेलं तिथे ती जाते. सिमकार्ड घेताना पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं असेल तर पैसे तिकडे पडतात आणि मुलगा वर्षभर कोऱ्या पासबुकावर एंट्री मारत राहतो. माय आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की हे लगेच कळतं. मग हव्या त्या बँकेत आधार जोडणीचा फॉर्म भरायचा. दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार यांवरच्या नावात फरक असेल तर तो अर्ज भरण्याआधीच दुरुस्त करून घ्यावा.

‘मार्क लागत नाहीत’

राज्यात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा आहेत. त्यांचा कट-ऑफ वेगळा असतो, पण त्या जागांसाठीही चुरस असतेच. प्रवेशानंतर पेपर तोच, पास व्हायची अट तीच.

उलट या मुलांना एक जादा परीक्षा द्यावी लागते, ती जात वैधतेची, म्हणजे जमातीचा दाखला खरा असल्याच्या पडताळणीची. इथे ६ सप्टेंबर १९५० च्या (अनुसूचित जमातींच्या यादीच्या आदेशाची तारीख) आधीचा पुरावा सर्वांत वजनदार मानला जातो. पणजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेची नोंद आणायची कुठून? अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक आणि गाव नमुना १४ या जुन्या गाव-नोंदवह्यांमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधाव्यात. वडील, चुलते, आत्या यांच्यापैकी कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते वंशावळीसह जोडावं. केवळ आप्तभाव चाचणीवर, म्हणजे जमातीच्या चालीरीती, बोली यांच्याशी जुळतं का या तपासणीवर, दाव्याचा निकाल लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. अर्ज अकरावीतच द्यावा. सीईटीचा निकाल लागल्यावर धावाधाव केली तर हातातली जागा जाते.

‘आश्रमशाळा आहेत ना!’

आहेत, शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास. पण धारणी-चिखलदऱ्याचं मूल घरी कोरकू बोलतं, भामरागडचं माडिया, धडगावचं पावरी. पहिलीचं पुस्तक मराठी, बाईही बऱ्याचदा फक्त मराठी बोलणाऱ्या. पहिली दोन वर्षं भाषाच कळली नाही की वाचन मागे पडतं. पाचवीत शाब्दिक उदाहरणं आली की गणितही सुटत नाही, आणि आपण त्या मुलालाच ‘कच्चा’ म्हणतो. आदिवासी मुलांसाठीच्या केंद्राच्या एकलव्य निवासी शाळा यावर उपाय म्हणून दाखवल्या जातात; पण त्या सहावीपासून सुरू होतात आणि प्रवेश परीक्षेने मुलं घेतात. नुकसान त्याआधीच झालेलं असतं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरवलं. गाव पुढे येतं तेव्हा परवानगीची वाट मोकळी करणं हीसुद्धा सरकारी मदतच आहे, आणि ती कमी खर्चाची आहे.

‘पालकांनाच पडलेली नाही’

रायगड-पालघरची कातकरी कुटुंबं वीटभट्टी मालकाकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर घर बंद करून निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मूल मागे ठेवायचं तर कुणापाशी? यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे : मूल गावात नातेवाइकांकडे राहतं, जेवण आणि जादा वर्ग शाळेत होतात. ती चालते कधी? सप्टेंबरात गावनिहाय यादी झाली, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला आणि दिवाळीआधी मंजुरी हातात आली तर. मंजुरी जानेवारीत आली, तर तोवर मूल भट्टीवर पोचलेलं असतं.